मागितलेला परतावा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला दरोडा कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, कुठला आरोपी कुणाचा भाऊ, हे सांगायला गेलो तर चुकतो. सिरसाळ्याच्या शेअरवाल्याचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. ते आठवलं की त्या दिवशी जेवण नीट जात नाही.

त्या वेळी मी बीडला आर्थिक गुन्हे शाखेत पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसं आज नाहीत, आणि जी आहेत त्यांना पुरेसं सोसावं लागलं आहे.

माझी बहुतेक नोकरी ठाण्यांत गेली. खून, घरफोड्या, बांधावरून झालेल्या हाणामाऱ्या. तिथं पंचनाम्याला रक्त असतं, हत्यार असतं, निदान फुटलेलं कुलूप तरी असतं. आर्थिक गुन्हे शाखेत आलो तेव्हा दोन खोल्या, चार टेबलं आणि झेरॉक्स काढून आणलेली पासबुकं एवढंच समोर आलं. सकाळी दार उघडायच्या आधी बाकावर माणसं बसलेली असत. घरफोडी झालेला माणूस चिडलेला असतो. ही माणसं खाली मान घालून बसत. आपणच आपल्या हातानं दिलं, ही लाज त्यांच्या रागावर बसलेली असे. त्यांचा जबाब घेताना पहिला अर्धा वेळ त्यांना बोलतं करण्यातच जाई.

या प्रकरणाची पहिली खबर परळीच्या एका जुन्या गाड्यांच्या एजंटानं दिली. हा माझा जुना ओळखीचा. चोरीच्या मोटारसायकलींच्या तपासात त्याची मदत झालेली होती. बीडला कामाला आला की तो माझ्याकडं चहा घेऊन जाई. त्या दिवशी कप खाली ठेवत तो म्हणाला, "साहेब, एक बात सांगतो. सिरसाळ्यात खताच्या दुकानावर शेअरचं हापिस हाय, माहीत असंल तुमाला."

"ऐकलंय."

"त्यानं हापिसावर नवा फ्लेक्स लावलाय, पहिल्यापेक्षा डबल. अन् त्याच हप्त्यात बायकोची स्कूटी माझ्याकडं इकायला आणली. मी बोललो त्या भावाला देऊन टाकली, घासाघीस न्हाई केली. वरून म्हणला, सिरसाळ्यात कळू देऊ नको. मला लई खटकलं."

मलाही खटकलं. ज्याच्याकडं पैसा आहे तो जुनी गाडी विकतानाही अडून बसतो. ज्याला आजच्या आज रोख लागते तो भाव करत नाही. एक हवालदार साध्या वेशात सिरसाळ्याला पाठवला आणि चौकशी सुरू केली.

हा शेअरवाला मूळचा तेलगावचा, तिशी ओलांडलेला. वाणिज्य शाखेचा पदवीधर. पुण्यात एका दलालाच्या कार्यालयात काही वर्षं काम करून लॉकडाऊनमध्ये गावी परत आला आणि सिरसाळ्यात कार्यालय थाटलं. लोकांचे पैसे घ्यायचे, शेअर बाजारात घालायचे, महिन्याच्या महिन्याला परतावा द्यायचा, असा धंदा. शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातले कर्मचारी, साखर कारखान्यातले कामगार, ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम, सगळ्या थरांतली माणसं त्याच्याकडं होती. परवाना नव्हता. पण वर्षानुवर्षं परतावा वेळेवर आला होता आणि वेळेवर येणाऱ्या पैशाला कुणी परवाना विचारत नाही.

आमची चौकशी पुरी व्हायच्या आत गडबड झाली. त्या महिन्याचा परतावा आला नाही, फोन बंद लागला, कार्यालयाचं शटर खाली आलं. दुपारपर्यंत खताच्या दुकानासमोर गर्दी जमली. सिरसाळा ठाण्यात फिर्याद द्यायला जी पहिली बाई पुढं झाली ती धर्मापुरीकडची आरोग्यसेविका होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, मीही तसंच म्हणतो. नवरा एसटीत चालक होता, नोकरीत असतानाच वारला. त्याच्या मागं जी एकरकमी रक्कम मिळाली ती तिनं या माणसाकडं ठेवली होती. दोन मुली, थोरली बारावीला. फसवणुकीचा आणि ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि तपास आमच्याकडं वर्ग झाला.

आरोपी पुण्याला पळाला, असं सगळे सांगत होते. कुणी म्हणे मुंबईला, कुणी म्हणे हैदराबादला. पथक पुण्याला निघायच्या तयारीत असताना माझा हवालदार कार्यालयाच्या मागच्या बोळात लघवीला गेला आणि लगबगीनं परत आला.

"साहेब, एसीच्या नळीतनं पाणी गळतंय."

शटरला बाहेरून कुलूप होतं. पंच बोलावून ते तोडलं. आत तो खुर्चीत बसलेला होता. समोरचे संगणक बंद. बायकोनं बाहेरून कुलूप लावलं होतं, तीच डबा आणून देत होती. दाढी वाढलेली, अंगात स्वच्छ इस्त्रीचा सदरा. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला.

"मी पळालो न्हाई, साहेब," तो म्हणाला. "मला जायला जागाच न्हाई."

खाली लोक होते. त्याला गाडीत घालताना एक चप्पल माझ्या खांद्याला लागली. मारणाऱ्याचा मला राग आला नाही.

न्यायालयानं पोलीस कोठडी दिली. चौकशीत आमचा प्रश्न एकच होता, पैसे कुठं आहेत. माझ्या अनुभवात चोरीचा माल कुठं तरी असतोच. मेव्हण्याच्या गोठ्यात असतो, दुसऱ्या बाईच्या नावावर असतो, पुरलेला असतो. मी सगळ्या मार्गांनी विचारलं. दमात घेतलं, गोडीनं घेतलं, बायकोला साक्षीला बोलावीन म्हणालो. तो एकच उत्तर देई, "न्हाईत साहेब." खोटं बोलणारा माणूस बहुधा चटकन उत्तर देतो, कारण उत्तर त्यानं आधीच तयार ठेवलेलं असतं. हा प्रत्येक वेळी थांबून, विचार करून, तेच सांगायचा. माझी खात्री होत चालली होती की पैशाबद्दल तो खरं सांगतोय. तरी तो काही तरी लपवत होता, हेही दिसत होतं. पैसे गेले कधी, एवढं विचारलं की तो भिंतीकडं बघायचा.

वाट सिस्टरच्या पुरवणी जबाबात सापडली. ती सरळ सांगत होती, आमचा लेखनिक हवालदार टंकत होता. बोलता बोलता ती म्हणाली, "पहिल्यांदा मी गेलते तवा त्यानं माझे पैसे घेतलेच न्हाईत की. म्हणला, सिस्टर, तुमचा नवरा न्हाई, पोरी शिकायच्या हायत, हा पैसा बँकेतच ठेवा. मी परत आले. मग पुढच्या उन्हाळ्यात सोताच फोन केला, म्हणला, आता आणा, आता चांगली संधी हाय."

मी हवालदाराला थांबवलं आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. उलट, आपण पहिल्यांदा गेलो तेव्हाच घेतले असते तर चार महिने जास्त परतावा मिळाला असता, अशी तेव्हा तिला चुटपुट लागली होती.

मी आरोपीला बाहेर काढलं, समोर बसवलं आणि दमदाटी न करता विचारलं, "सिस्टरला आधी परत कावून पाठवलं होतंस?"

तो माझ्याकडं बघत राहिला.

"बँकेत ठेवा म्हणालास. बरोबर सांगितलंस. मग सोता फोन कावून केलास?"

त्याचा चेहरा बदलला. मी बरेच आरोपी कोसळताना पाहिले आहेत. काही रडतात, काही शिव्या देतात. हा टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून हळूहळू बोलायला लागला, आणि मग थांबला नाही.

"सुरुवातीला मी कुनालाच खोटं बोललो न्हाई, साहेब. मान्साप्रमाणं जोखीम बघायचो. नोकरीतला तरणा माणूस असला तर त्याचे जास्त शेअरमध्ये घालायचे, पडले तरी भरून यायला वेळ असतो. म्हातारा असला, बाईमाणूस एकटी असली, तर बँकेत ठेवा म्हणायचो. वर्षाला बारा-चौदा टक्के धरा, एखाद्या साली उणे बी जाईल, असं सांगायचो. पण पहिल्या दोन सालांत बाजार लई चढला. मी बारा म्हणलो तिथं तिप्पट आले. मी ओरडून सांगायचो, हा बाजाराचा जोर हाय, माझं काय न्हाई यात. कोन ऐकतंय? तिसऱ्या साली बाजार बसला, तर लोक अंगावर आले, औंदा कावून कमी? शेजारच्या तालुक्यातला एक जण महिन्याला चार टक्के देतो म्हणत होता. लोक तिकडं निघाले. समदे एकच विचारायचे, किती मिळल. किती जाईल, हे एकानं बी विचारलं न्हाई."

"मग तू बी चार म्हणालास."

"म्हणलो."

चार टक्के महिन्याला सरळ शेअरमधून येत नाहीत. म्हणून तो ऑप्शन विकायला लागला. मला कळलं तेवढं सांगतो. ऑप्शन विकणारा दुसऱ्याच्या नुकसानीची हमी घेतो आणि त्याबद्दल त्याला थोडी थोडी रक्कम मिळत राहते. बाजार शांत असला की महिनेन् महिने ही रक्कम पगारासारखी येते. मग एखाद्या दिवशी बाजार उसळतो किंवा आपटतो, आणि हमी पुरी करायची वेळ येते. त्या दिवशी आजवर मिळालेलं सगळं जातं आणि मूळ रक्कमही जाते.

त्याच्यावर तसा दिवस आला. सकाळी कार्यालय उघडलं तेव्हा लोकांचा पैसा होता, दुपारी बाजार बंद झाला तेव्हा नव्हता. खाली खताच्या दुकानात नेहमीसारखी गिऱ्हाइकं होती. तो खाली उतरला, चहा प्यायला, ओळखीच्यांना नमस्कार केला आणि परत वर गेला.

"त्याच दिवशी शटर ओढायला पायजे होतं," तो म्हणाला. "पण दोन दिवसांवर सरांचा महिना, म्हंजे त्या महिन्याचा परतावा, आलता. सरांना न्हाई म्हणायला माझं तोंड न्हाई झालं. म्हणून सिस्टरला फोन केला."

सिस्टरचे पैसे शेअर बाजारात गेलेच नव्हते. ते दुसऱ्या दिवशी तो ज्यांना 'सर' म्हणत होता त्यांच्या खात्यात परतावा म्हणून गेले होते, उरलेले इतरांच्या. त्यानंतर जे जे कुणी आलं त्यांचंही तेच झालं. दलालाच्या कंपनीकडून आणि बँकेकडून माहिती मागवली, ती त्याच्या सांगण्याशी तंतोतंत जुळली. तपासाच्या भाषेत गुन्हा उघड झाला होता. आपटीच्या आधी आलेल्यांचा पैसा जोखमीत बुडाला, नंतर आलेल्यांना ठरवून फसवलं. माझे वरिष्ठ खूश झाले. मी त्या संध्याकाळी बाकावर बसलेल्या लोकांना सांगितलं की आरोपीनं कबूल केलंय. एक म्हातारा मुकादम आनंदानं उठला, "मग कधी भेटतेत पैसे?"

हे सर दोन दिवसांनी स्वतःच एसटीनं बीडला आले. तेलगावजवळच्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवून निवृत्त झालेले. विनाअनुदानित असल्यामुळं पेन्शन नाही. आरोपी त्यांचाच विद्यार्थी. बारीक अंगाचे, सदऱ्याच्या खिशाला दोन पेन. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझा जबाब घ्या. मला फसवलेलं नाही."

हवालदाराचे हात थांबले.

"मला एक मुलगा आहे," सर म्हणाले. "वय तिशीचं, बुद्धी चार वर्षांच्या लेकराची. आम्ही दोघं आहोत तोवर ठीक आहे. आमच्यानंतर त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला दरमहा पैसे लागतील, त्याच्या आयुष्यभर. बायकोच्या वाट्याची जमीन विकली, माझी पुंजी घातली. बँकेच्या व्याजावर हिशोब केला. पुरत नव्हते. मी वर्गात मुलांना शिकवत आलो, परतावा आधी ठरवायचा नसतो. आपल्याला किती बुडालेलं सोसवेल ते आधी बघायचं, मग त्या जोखमीला साजेसं किती मिळायला हवं ते मागायचं. मी स्वतः उलटं केलं. मुलाला किती लागतील ते काढलं, हातातल्या रकमेनं भागलं, आणि जो आकडा आला तो या पोराला सांगितला. हा म्हणाला, सर, एवढं पायजे असंल तर समदं जाऊ शकतं. दोनदा म्हणाला. मी म्हणालो, एवढं आलं नाही तर असंही पुरणार नाही. घे."

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला त्याच्याहून जास्त माहीत होतं, साहेब. ते शिकवायचाच मी पगार घेतला."

मी त्यांचा जबाब शब्दशः घेतला. तो त्यांनी वाचून पाहिला आणि बरोबर आहे म्हणाले.

ही बातमी ठेवीदारांत पसरली. त्यांच्या वकिलानं सांगितलं की आरोपीनं जोखीम सांगितली होती, असं एक जरी प्रतिष्ठित माणूस न्यायालयात बोलला तर बचाव पक्ष ते सगळ्यांच्या बाबतीत वापरील. मग त्याला जामीन सहज मिळेल आणि खटलाच ढिला पडेल. काही दिवसांनी खात्याच्या नोंदींबाबत मी सरांच्या घरी तेलगावला गेलो होतो. मी बसलो असतानाच सिस्टर आणि आणखी दोघं-तिघं आले. सरांच्या पत्नीनं सतरंजी अंथरली. मुलगा दणकट, हसतमुख. त्यानं सगळ्यांना पाण्याचे तांबे आणून दिले आणि कुणी अर्धा प्याला की तो लगेच पुन्हा भरायला लागला.

सिस्टर म्हणाली, "सर, तुमचं खरं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तुमच्या खऱ्यानं आमचं जाईल."

"तुमच्याशी तो खोटं बोलला, माझ्याशी नाही," सर म्हणाले. "दोन्ही लिहिलं जाऊ द्या. न्यायाधीश बघतील."

"आमच्याकडं बघायला तेवढा येळ न्हाई, सर. पोरीची फी भरायचीय."

"म्हणून मी खोटी साक्ष देऊ?"

तिनं मुलाकडं पाहिलं. मग जे बोलली ते तिनं ठरवून आणलेलं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

"तुमाला गेल्या उन्हाळ्यात जो महिना भेटला," ती म्हणाली, "ते माझे होते. माझ्या मालकाचे होते. बाजारातले नव्हते."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं आहे?"

"हो," मी म्हणालो.

"पुढचेही?"

"पुढचेही कुणाकुणाचे होते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या पत्नीनं तोंडाला पदर लावला. मुलगा सिस्टरच्या हातातला तांबा भरायला वाकला होता, तिनं तो तसाच भरू दिला. सर म्हणाले, "जबाब बदलणार नाही. त्यात एक वाक्य वाढवा. आरोपीनं मला गेल्या उन्हाळ्यात दिलेली रक्कम या बाईंची होती, हे मला आज कळलं. ती मी परत करीन."

मी ते वाक्य लिहून घेतलं. कायद्यानं त्याला फारसा अर्थ नव्हता. सरांच्या हातात काही उरलं नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यांनी घरात अकरावी-बारावीच्या पोरांच्या हिशोबाच्या शिकवण्या सुरू केल्या. त्या वयात, सकाळ-संध्याकाळ. महिन्याला जे मिळेल त्यातलं थोडं धर्मापुरीला सिस्टरकडं नेऊन द्यायचे. ती घेत नव्हती, ते उंबऱ्यावर ठेवून यायचे. हे मला तिनंच नंतर सांगितलं. "मला त्यांचा राग करायचा होता," ती म्हणाली, "पण ते तसं बी करू देईनात." तिच्या थोरलीचं वैद्यकीयचं राहिलं. आता ती परळीत एका औषधाच्या दुकानात कामाला आहे.

आरोपीची मालमत्ता जप्त झाली. संगणक, खुर्च्या, तेलगावातल्या सामाईक घरातला त्याचा हिस्सा. तिचा लिलाव होऊन सगळ्यांत वाटायचं म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला काय येईल, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला पुढं जामीन झाला. त्याची बायको माहेरी निघून गेली. तारखेला येतो तेव्हा तो न्यायालयाच्या आवारात एका कोपऱ्यात उभा राहतो. आधी लोक त्याच्या अंगावर जायचे, आता जात नाहीत. एकदा त्यानं मला विचारलं, "सर आलेत का?" मी नाही म्हणालो.

सर येणार नव्हते. खटला साक्षीपुराव्याला यायच्या आतच ते गेले. शिकवणी चालू असताना छातीत कळ आली, अंबाजोगाईला नेईपर्यंत संपलं होतं. पोलिसांपुढं दिलेला जबाब हा पुरावा होत नाही. साक्षीदारानं स्वतः पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं. ज्या जबाबावरून एवढं रामायण झालं तो आता फाईलमधला एक निरुपयोगी कागद आहे. वकिलानं ठेवीदारांना सांगितलं की आपल्या बाजूनं हे बरंच झालं. त्या वाक्यावर कुणी मान डोलावली नाही, एवढं खरं.

मी त्यानंतर लवकरच निवृत्त झालो. लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात. खुनाच्या तपासांतून मी माणसाचा राग ओळखायला शिकलो, चोऱ्यांतून हाव. या प्रकरणात मी हाव शोधत गेलो आणि मला ती फार थोडी सापडली. मुकादमाला ट्रॅक्टर हवा होता, सिस्टरला मुलीचं शिक्षण, सरांना आपल्या मागं मुलाची सोय. प्रत्येकानं आपल्या गरजेचा आकडा काढला आणि बाजारानं तो द्यावा अशी अपेक्षा केली. बाजाराला कुणाची गरज माहीत नसते. हे लोकांना समजावून सांगा, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे. मी तालुक्या-तालुक्यात जनजागृतीची भाषणं केली, जास्त परताव्याच्या आमिषाला बळी पडू नका म्हणून सांगितलं. लोक टाळ्या वाजवायचे. पण ज्याला सुरक्षित व्याज पुरतच नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर त्या भाषणात नव्हतं. माझ्याकडंही नाही. सरांना सगळं माहीत असूनही त्यांच्यापुढं दोनच रस्ते होते. एकावर पैसे कमी पडणार हे नक्की होतं, दुसऱ्यावर ते बुडण्याची शक्यता होती. त्यांनी दुसरा घेतला. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

मागच्या दिवाळीनंतर मी तेलगावहून जात होतो, म्हणून सरांच्या घरी थांबलो. त्यांच्या पत्नी दारात बसून मुलाची नखं कापत होत्या. सिस्टर येत-जात असते, असं त्या म्हणाल्या. महिन्यातून एकदा येते, दोघांचा रक्तदाब बघते, गोळ्या आणून देते. संस्थांची चौकशी केली का, असं मी त्यांना विचारलं. दोन ठिकाणी अर्ज केलेत, त्या म्हणाल्या, एकीकडं जागा नाही आणि दुसरीकडं जी रक्कम सांगितली ती आपल्याच्यानं होणारी नाही.

"तुमची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"साखर हाय, बीपी हाय. सिस्टर म्हणती, सांभाळून राहिलात तर चालंल बरेच दिवस." त्यांनी मुलाचा दुसरा हात हातात घेतला. "पहिल्यांदा देवाला म्हणायचे, याला सांभाळायला पैसा दे. आता पैशाचं म्हणत न्हाई. आता एवढंच मागते, साहेब, की माझ्या आधी याला ने. एक दिवस आधी नेलं तरी चालंल."

मुलगा माझ्याकडं बघून हसत होता. त्यांनी त्याचं उरलेलं नख कापलं.